चार-दहाचा रकाना

१

लोखंडी कपाटाचा तिसरा कप्पा उघडला, तेव्हा त्यात एक तासलेली पेन्सिल होती, एक सैल पडलेला रबरबँड होता, आणि धुळीच्या थरात वहीच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता. वही मात्र नव्हती.

"बघा. मी सांगत नव्हतो?" पर्यवेक्षक म्हणाले. गळ्यातली शिट्टी ते झोपतानाही काढत नसावेत, अशी कार्यालयात वदंता होती. म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत.

दफ्तरकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. महापालिकेच्या अभिलेख कक्षात छत्तीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांना खऱ्या नावाने हाक मारणारे आता कुणी उरले नव्हते. निवृत्तीला दोन महिने राहिले असताना ही चौकशी त्यांच्या गळ्यात पडली, ती बहुधा ते कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणूनच.

प्रकरण दिसायला लहान होते. डायलिसिस केंद्राच्या रस्त्यावर मीटरच्या चोवीस जागा होत्या आणि तिथे गाडी उभी करण्याची कमाल मुदत चार तासांची होती. दोन महिन्यांपूर्वी पाट्या बदलल्या आणि मुदत एक तासावर आली. बहुतेक गाड्या तासाभरातच निघून जातात असे पाहणीत आढळले, हे कारण वाहतूक विभागाने दिले. ही पाहणी करणारी पार्किंग निरीक्षक, म्हणजे सगळ्यांची पावतीताई, रस्त्यावर उभी राहून म्हणाली, "माझ्या पाहणीत असं काही निघालंच नव्हतं!" केंद्रातल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी अर्ज केला. विभागाने अहवालाचे शेवटचे पान दाखवले. त्यावर पावतीताईचीच सही होती. तिने आपली मूळ पेन्सिलची वही मागितली, आणि वही नाहीशी झालेली होती.

आता उलट तिच्यावरच आरोप होता: वही तिनेच गहाळ केली आणि लोकांत खोटे पसरवले. शनिवारी सकाळी अकराला आयुक्तांसमोर सुनावणी होती. ती खोटी ठरली, तर तिची नोकरी जाणार होती आणि तो एक तास कायम होणार होता. आज बुधवार होता.

"या कपाटाच्या चाव्या कुणाकडे असतात?" काकांनी विचारले.

"एक माझ्याकडे. एक अभियंतासाहेबांकडे." शिट्टीसाहेब घुटमळले. "आणि तिसरी त्या खिळ्यावर."

"म्हणजे सगळ्या जगाकडे," काका म्हणाले.

२

पावतीताई दुपारी अभिलेख कक्षात आली. निलंबित असूनही गणवेश घालून आली होती. धुतलेला, इस्त्री केलेला. फक्त विजारीचा उजवा गुडघा झिजून पांढुरका झाला होता आणि त्यावर आतून ठिगळ होते. माणूस पाहताना काका कागदासारखेच पाहत: आधी कडा, मग मजकूर.

"काका, मला ती पानं एकदा दाखवा," ती बसण्याआधीच म्हणाली. "नुसती नजर टाकू द्या."

"चौकशी संपेपर्यंत तुला कागद दाखवायचे नाहीत, असा लेखी आदेश आहे."

"वा! म्हणजे आरोप माझ्यावर, सही माझी, अन् कागद तेवढा यांचा!"

"तू सही कशावर केलीस?"

"चार पानांवर. वहीतलं सगळं टंकून आणलं होतं, मी ओळ न् ओळ ताडून बघितली आणि शेवटच्या पानावर सही केली. बरोबर होतं काका, सगळं बरोबर होतं. दर तासाला एक फेरी, नऊ ते चार, आठ फेऱ्या. दहा नंबरच्या जागेवर निळ्या गाडीचे आजोबा चार-चार तास असायचे. आजी आत मशीनला लावलेल्या असतात ना. आता ते दर तासाला उठतात, खाली येतात, गाडी हलवतात, पुन्हा जिना चढतात. परवा आजींना आत चक्कर आली, तेव्हा हे बाहेर जागा शोधत फिरत होते."

ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"नोकरी गेली तर मी दुसरी बघेन. पण त्या माणसाला मी सांगितलं होतं, 'आजोबा, काळजी करू नका, मी लिहिलंय.' आता मी त्याला कुठल्या तोंडाने भेटू?"

ती गेल्यावर काकांनी कुलूपबंद पेटीतून ती चार पाने काढली. प्रत्येक पानावर सहा जागा, प्रत्येक जागेसमोर आठ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन रकाने. पहिल्यात गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. दुसऱ्याच्या डोक्यावर नुसतेच 'व्हॉ.' आणि खाली '४-१०', '७-१', '११-६' असे काहीबाही.

दहाव्या जागेवर नऊ वाजता २२१७ होती. दहाला ३०४६. अकराला २६८९. बाराला ३३१२. दर तासाला नवी गाडी.

निळ्या गाडीच्या आजोबांचा त्या कागदावर मागमूसही नव्हता.

३

गुरुवारी सकाळी काकांनी पहिली गाठ शिट्टीसाहेबांची घेतली. पावतीताईला दोन मेमो त्यांनीच दिले होते, आणि दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य सर्वश्रुत होते.

"हो, दिले मेमो! उद्धट आहे ती," शिट्टीसाहेब गुडघा चोळत म्हणाले. "पण काम? कामात मी नाव ठेवणार नाही. मीच शिकवलंय तिला. मी वीस वर्षं रस्त्यावर काढली, हा गुडघा तिथेच ठेवून आलो. डॉक्टर म्हणाले, आता वाकू नका. मी म्हटलं, अहो, वाकण्याचाच तर पगार होता!"

"अहवालाची पानं पाहिलीत?"

"आम्हाला कोण दाखवतो? ती थेट वर जातात."

रस्त्यावरच्या दुकानदार संघटनेचे अध्यक्ष चष्म्याचे दुकान चालवीत. चाराची मुदत कमी करा, म्हणून ते वर्षभर महापालिकेच्या पायऱ्या झिजवत होते, आणि वही नाहीशी झाली त्या आठवड्यात दोनदा वाहतूक विभागात येऊन गेले होते. काकांना वाटले, हे गृहस्थ आनंदात असतील. ते संतापाने लाल झालेले होते.

"मी चाराचे दोन करा म्हटलं होतं! यांनी एक केला! अहो, तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातले की माणसाला दोन तास धूसर दिसतं. एका तासात गाडी हलवायची म्हणजे आंधळ्याने हलवायची का? सकाळपासून चार गिऱ्हाईकं परत गेली. त्या आठवड्यात मी आलो होतो तो भांडायला. वही चोरायचीच असती, तर मी तुमची सगळी कपाटं उचलून नेली असती!"

शेवटी वाहतूक अभियंता. त्यांची खोली पाहून काकांमधला अभिलेखपाल सुखावला. एक कागद वाकडा नव्हता. भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि त्याशेजारी चार आकडी क्रमांकांची एक लांबलचक यादी.

"गेल्या वर्षी बिघडलेला प्रत्येक मीटर," अभियंता अभिमानाने म्हणाले, "ज्या क्रमाने बिघडला त्याच क्रमाने. जुने मीटर दोन हजारांतले, नवे तीन हजारांतले. मी आलो तेव्हा कुणाकडे साधी नोंद नव्हती, काका. आता शहरात एक मीटर बंद पडला, तरी मला इथे बसून कळतं."

"इथे बसून," काका म्हणाले. अभियंत्यांच्या विजारीची घडी टाचेपर्यंत धारदार होती.

"मुदतीचं गणित सोपं आहे. गाड्या लवकर हलल्या, तर त्याच जागेत चौपट लोकांची सोय. हीच योजना आणखी नऊ रस्त्यांवर जायची आहे. एका बाईच्या हट्टापायी ती अडावी?"

"एक शंका होती. अहवालात हा 'व्हॉ.' रकाना कसला?"

अभियंत्यांनी हात झटकला. "निरीक्षकांचं काहीतरी अंतर्गत असतं. मीटरची अवस्था वगैरे. योजनेशी त्याचा काही संबंध नाही."

काकांनी मान डोलावली, आभार मानले आणि दारात पोहोचल्यावर थांबले. मीटरची अवस्था? '४-१०' ही कुठल्या यंत्राची अवस्था असते?

४

घरी आले तो पत्नी जमिनीवर बसून एका नव्या बॅगेशी झगडत होती. निवृत्तीनंतर दोघे महिनाभर प्रवासाला जाणार होते.

"अहो, या कुलपाला चार आकडे लावायचे आहेत. सांगा बघू एखादा."

"कुठलाही लाव."

"कुठलाही म्हणजे कुठला? तासभर तेच चाललंय. तुमचं जन्मसाल लावलं, तर चोरालाही कळेल. तुमच्या तोंडावरच लिहिलंय ते."

"मग?"

"मग काय, आपल्या जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे लावले." ती विजयाने म्हणाली. "मनातून म्हणून आकडा काढायला गेलं ना, की निघतच नाही. कुठून तरी उसनाच आणावा लागतो."

काका बूट काढता काढता थांबले. एक पायात, एक हातात.

"पुन्हा म्हण."

"काय? चोराला कळेल ते?"

"नाही, शेवटचं. उसना आकडा."

"झालं! आता हे जेवायचे नाहीत," पत्नी बॅगेला म्हणाली.

काकांनी टिपणवही उघडली. चारही पानांवरचे दोन्ही रकाने त्यांनी उतरवून घेतले होते. पहिल्या तीन पानांवरचे गाड्यांचे क्रमांक: २२१७, ३०४६, २६८९, ३३१२... शंभरावर आकडे, आणि प्रत्येकाची सुरुवात दोनने नाहीतर तीनने. चौथ्या, सहीच्या पानावर जागा बहुतेक रिकाम्याच होत्या. पण ज्या दोन गाड्या होत्या, त्यांचे क्रमांक होते ८०६१ आणि ०४५७.

हे आकडे कुणीतरी उसने आणले होते. पण कुठून आणले हे कळले, तरी आजोबांचे चार तास कुठून परत आणायचे? खरे आकडे त्या वहीबरोबरच गेले होते.

५

शुक्रवारी नऊला काका डायलिसिस केंद्राच्या रस्त्यावर उभे होते. निळी गाडी दहाव्या जागेवर येऊन थांबली. आजोबांनी आजींना हात धरून उतरवले आणि आत नेले. बरोबर दहाला पाच कमी असताना ते धापा टाकत खाली आले.

फाटकापाशी पावतीताई उभी होती. आज गणवेश नव्हता. तिने हात पुढे केला. "किल्ली द्या आजोबा. मी हलवते. जा तुम्ही वर."

"तुझी नोकरी गेली म्हणे पोरी, माझ्यामुळे."

"कुणी सांगितलं? सुट्टीवर आहे. जा."

ती गाडीकडे वळली. दार उघडण्याआधी, आपल्याच नकळत, ती उजव्या गुडघ्यावर टेकली. पुढच्या चाकाकडे पाहिले, मागच्या चाकाकडे पाहिले, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस आत्ता?" काका जवळजवळ ओरडलेच.

ती दचकली. मग हसली. "अहो, सवय! पाच-आठ. चाकात हवा भरायचा व्हॉल्व असतो ना, तो घड्याळाच्या कुठल्या आकड्याशी आहे ते बघतो आम्ही. पुढचं चाक पाचावर, मागचं आठावर. नुसत्या नंबरावर भागत नाही. लोक म्हणतात, 'मी मध्ये जाऊन आलो.' आता गाडी जाऊन आली, की व्हॉल्व पुन्हा त्याच जागी येत नाहीत. आणि दोन वेगळ्या गाड्यांचे तर जुळतच नाहीत. बारा गुणिले बारा. दीडशेत एखादे वेळी जुळले तर जुळले."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"जो चाकापाशी वाकला त्याला. शिट्टीसाहेबांनीच शिकवलं मला."

काकांनी टिपणवही उघडली. दहावी जागा: नऊ वाजता २२१७, व्हॉल्व ४-१०. दहाला ३०४६, व्हॉल्व ४-१०. अकराला २६८९, व्हॉल्व ४-१०. बाराला ३३१२, व्हॉल्व ४-१०.

चार गाड्या. आणि चारही गाड्यांची नोंदलेली आठही चाके, एकाच क्षणी थांबवलेल्या घड्याळांसारखी.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुझी वही हरवलेलीच नाही."

"म्हणजे? सापडली? कुठाय?"

पण काका रस्ता ओलांडूनही गेले होते. त्या दिवशी अभिलेख कक्षाचे दार आतून बंद राहिले, आणि चहा घेऊन आलेल्या शिपायाला आतून फक्त पाने उलटल्याचा आवाज ऐकू आला.

६

शनिवारी अकराला सभागृहात बसायला जागा नव्हती. चष्मेवाले होते, रुग्णांचे नातेवाईक होते, गणवेशातले सगळे निरीक्षक मागे भिंतीला टेकून उभे होते. आजोबा शेवटच्या रांगेत होते.

"दफ्तरकाका," आयुक्तबाई म्हणाल्या, "मूळ वही मिळाली का?"

"वही नाही मिळाली. तिच्यातला मजकूर मिळाला."

सभागृहात कुजबुज झाली. काकांनी एक मोठा तक्ता भिंतीवर लावला आणि 'व्हॉ.' रकान्याचा अर्थ सांगितला. मग शांतपणे, वर्गात शिकवावे तसे, ते बोलू लागले.

"या अहवालाची सही नसलेली पहिली तीन पानं पुन्हा टंकली आहेत, आणि त्यांत फक्त एक रकाना बदलला आहे, गाड्यांच्या क्रमांकांचा. शेजारचा जसाच्या तसा राहू दिला, कारण बदलणाऱ्याला तो निरुपयोगी वाटला. सहीच्या पानावर गाडी ८०६१ तीन फेऱ्या उभी आहे आणि तिचा व्हॉल्व तिन्ही वेळा २-९ आहे. गाडी बदलली, तसा तोही बदलला. हे पान खरं. पहिल्या तीन पानांवर गाडी दर तासाला बदलते आणि व्हॉल्व तीन-तीन, चार-चार तास हलत नाही. म्हणून मी क्रमांक झाकले आणि नुसते व्हॉल्व वाचले. हा तक्ता त्याचा आहे. पहिल्या अठरा जागांवरच्या निम्म्याहून अधिक गाड्या तीन तासांपेक्षा जास्त थांबतात. पावतीताईने लिहिलं होतं ते हेच, आणि ते गेले दोन महिने आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं."

"हे कुणी केलं?" आयुक्तबाईंचा आवाज थंड होता.

"संशय तिघांवर होता. चष्मेवाल्यांना एक तास नकोच होता. शिट्टीसाहेब या मुलीवर रागावलेले आहेत. पण त्यांनी हे केलं असतं, तर आधी व्हॉल्व बदलले असते. त्यांचा गुडघाच त्यांचा साक्षीदार आहे. हे अशा माणसाचं काम आहे, जो कधी चाकापाशी वाकलेला नाही."

अभियंता उठले. चेहरा शांत होता. "ही तर्कटं झाली, काका. चाकापाशी न वाकलेली माणसं शहरात हजारो आहेत."

"खरं आहे. पण माणसाला मनातून आकडे सुचत नाहीत, असं माझी पत्नी म्हणते. शंभरावर आकडे उसने आणावे लागले." काकांनी एक पिवळट फाईल उघडली. "ही गेल्या वर्षी बिघडलेल्या मीटरांची यादी, बिघडल्याच्या क्रमाने. दुसरं पान, वरून खाली: २२१७, ३०४६, २६८९, ३३१२. अहवालातली दहावी जागा, तोच क्रम. अकरावी जागा, त्यापुढचे आकडे. मीटर काही ठरवून बिघडत नाहीत. हा क्रम योगायोगाने जुळणार नाही. यादीच्या दोन प्रती आहेत. एक साहेबांच्या भिंतीवर. दुसरी त्यांनीच नियमाप्रमाणे अभिलेख कक्षात पाठवली. साहेब, तुमच्याइतक्या नेटकेपणाने माझ्याकडे कागद पाठवणारा दुसरा अधिकारी मी पाहिला नाही."

मग अभियंत्यांनी आपली बॅग उघडली आणि रबरबँडशिवायची एक जाड वही टेबलावर ठेवली.

"फाडायला हात धजेना," ते म्हणाले. "कितीही झालं तरी मोजलेलं काम आहे. नऊ रस्त्यांचं गणित मी आधीच वर पाठवलं होतं. गणित बरोबर होतं, बाई. रस्ताच गणितासारखा वागत नव्हता."

"तिथे माणसं राहतात, साहेब," पावतीताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच अभियंत्यांनी मान खाली घातली.

आयुक्तबाईंनी वही आणि तक्ता शेजारी ठेवून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिली जागा जुळली. दुसरी जुळली. पाचव्या जागेवर बोट अडले.

"इथे चूक आहे, काका. तुमच्या तक्त्यात एक गाडी आहे, वहीत दोन."

काका पुढे वाकले. "दोन गाड्यांचे व्हॉल्व जुळले. ताई म्हणाली होती, दीडशेत एखादे वेळी जुळतात."

"मग ती हिशेबालाही पक्की आहे," आयुक्तबाई म्हणाल्या. बोट पुढे गेले आणि अठराव्या जागेपर्यंत कुठेही थांबले नाही. त्यांनी वही मिटली. "निलंबन रद्द. एक तासाची मुदत आजपासून रद्द. नऊ रस्त्यांचा निर्णय नव्या पाहणीनंतर, आणि त्या पाहणीची प्रमुख ही बाई असेल. साहेबांबद्दलचा आदेश मी स्वतंत्रपणे काढीन."

आणि मग, छत्तीस वर्षांत त्या सभागृहाने कधी ऐकला नव्हता असा एक कर्णकर्कश आवाज झाला. शिट्टीसाहेबांनी गालफडे फुगवून शिट्टी फुंकली होती. भिंतीला टेकलेले निरीक्षक टाळ्या वाजवू लागले, चष्मेवाले "दोन नाही, चार! चारच बरे!" असे ओरडू लागले.

"मेमो मागे घेणार नाही," शिट्टीसाहेब डोळे पुसत पावतीताईला म्हणाले. "उद्धट तू आहेसच."

"तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली.

७

सोमवारी नवी पाटी लागली: कमाल मुदत चार तास. चष्मेवाल्यांनी ती आपल्या हाताने पुसून चकचकीत केली.

नऊला पावतीताई निळ्या गाडीपाशी गुडघ्यावर टेकली. तीन-अकरा. तिने नोंद केली. दहाला पाहिले, तीन-अकरा. अकराला, बाराला, तेच. चाके जागची हलली नव्हती.

एकला पाच मिनिटे उरली, तरी आजोबा खाली आले नाहीत. एकेका ढांगेत दोन पायऱ्या घेत ती वर गेली आणि केंद्राच्या काचेपाशी थबकली.

मशीनच्या शेजारच्या खुर्चीत आजोबा गाढ झोपले होते. त्यांचा हात आजींच्या हातात होता. आजी जाग्या होत्या. काचेपलीकडचा गणवेश पाहून त्यांनी मोकळा हात ओठांशी नेला आणि मान हलवून विनवले: उठवू नका.

पावतीताईने आवाज न करता मान डोलावली. ती खाली आली, मीटरपाशी उभी राहिली आणि वहीत आपल्या स्वच्छ अक्षरात लिहिले: जागा दहा, चार तास पूर्ण, दहा मिनिटांची सवलत.